सात नंबर सारखा थांबतो

बंद कारखान्यातले माग चालू झाले, तेव्हा हेमावतीच्या हातात वांग्यांची पिशवी होती.

गुरुवार, दुपारचे तीन. भवानी पेठेतल्या त्या बोळात उन्हापायी कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. हेमाच्या युनिफॉर्म शिवायच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी, म्हणून ती पिन्नीसाठी भाजी घेऊन निघाली होती. पिन्नी म्हणजे मावशी. हेमाच्या घरात तेलुगू बोलतात. आणि अचानक डाव्या हाताच्या भिंतीपलीकडून आवाज आला... खटॅक-खट, खटॅक-खट, खटॅक-खट...

आता कुणी म्हणेल, सोलापुरात मागाचा आवाज आला, त्यात काय एवढं? अहो, त्या शेडला नऊ वर्षं कुलूप होतं! आतले माग भंगारात गेले होते, टेम्पोत भरताना हेमानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. आत घुशी आणि कबुतरं सोडली तर कुणी नव्हतं.

हेमा जागच्या जागी थबकली. आवाज वाढला, भरला, आणि मग — बुडायला लागला. सगळा कारखाना कुणीतरी दोर बांधून हळूहळू विहिरीत सोडावा तसा. वरचा खडखडाट विरत गेला, खाली नुसती जाड धडधड राहिली. आणि त्या धडधडीतून एक बाई गुणगुणली.

एक वांगं पिशवीतून निसटलं आणि गटारात गेलं. हेमाला पत्ताही नव्हता. तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता.

कारण त्या शेडमध्ये तिची अम्मा माग चालवायची. सगळ्या कारखान्यात मागावर उभी राहणारी ती एकटी बाई. हेमा तीन वर्षांची असताना अम्मा तापानं गेली, आणि पुढे पिन्नीनंच तिला वाढवलं. घरात अम्माचा एक फोटो होता, एक हिरवी साडी होती. आवाज मात्र कुठंच नव्हता. "तुझी अम्मा मागावर गायची गं," पिन्नी सांगायची, "पण त्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार? म्हणून तर गायची!" तेव्हापासून हेमाला एकच ध्यास होता. तो आवाज एकदा ऐकायचा. फक्त एकदा. पण जे कुठं उरलंच नाही ते ऐकणार कसं?

आणि आता भिंतीपलीकडून ते येत होतं.

शेडला लागूनच एक दुकान होतं, शटर गुडघ्यापर्यंत उतरवलेलं. आवाज तिथूनच येत होता. हेमानं शटरवर दोन्ही हातांनी धाडधाड मारलं.

"कोण हाय?" आतून आवाज बंद झाला. शटर वर गेलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक पोरगा उभा होता. केस विस्कटलेले, एका हातात सोल्डरिंगची गन, गळ्यात रंगीबेरंगी वायरींचा जुडगा. घाबरलेला तोच जास्त दिसत होता.

"कोण गात होतं?" हेमानं विचारलं.

"आँ?"

"आत्ता! बाई! कोण गात होती?"

त्यानं मागं टेबलाकडं बघितलं. मग हिच्याकडं... जरा जास्तच वेळ बघितलं. हेमाचे मोठे डोळे तेव्हा आणखी मोठे झाले होते, गालावर घामानं एक बट चिकटली होती, आणि आता काय सांगायचं, पोराचं डोकं जागेवर राहिलं नाही. तो हळूच म्हणाला,

"तुमालाबी ऐकू आलं...?"

हे एक वाक्य. नंतर कितीदा तरी त्यानं त्या वाक्यापायी स्वतःला शिव्या घातल्या.

त्याचं नाव बिरुदेव. सगळे बिरू म्हणत. त्याचे वडील जोतिराम सांगोल्याकडची मेंढरं सोडून तरुणपणी शहरात आले आणि याच शेडमध्ये जॉबर झाले. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस. बिरूचा धंदा अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्तीचा. जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत. टेबलावर एक लाकडी पेटी होती, तिच्यावर पन्नास तरी बटणं आणि तितकीच भोकं, आणि भोकाभोकांतून निघालेल्या वायरी शेवयांचं ताट उपडं झाल्यासारख्या.

"मॉड्युलर सिंथेसायझर. करंटमधनं आवाज काढती ही पेटी," बिरू म्हणाला. "एकेक तुकडा मीच जोडलाय. बसा की. पाणी देऊ?"

"पाणी नको. माग कुठून आले ते सांगा."

त्यानं एक जुनी कॅसेट दाखवली. जोतिरामांचे कान मागांच्या गोंगाटानं लवकरच गेले. सगळ्याच मागवाल्यांचे जातात. मग दोष ओळखायचा कसा? त्यांनी शक्कल काढली. बिघडलेल्या मागाजवळ टेपरेकॉर्डर ठेवून आवाज भरायचा, घरी आणायचा, मोठ्यानं लावायचा आणि स्पीकरवर तळहात ठेवायचा. कान गेले तरी हाताला कळायचं. अशा चाळीसेक कॅसेटी घरात होत्या. या कॅसेटवर निळ्या पेनानं लिहिलेलं: 'सात नंबर. सारखा थांबतो. दिवाळी २००३.'

"आणि बुडाल्यासारखं झालं ते?"

"ते फिल्टर." त्यानं पेटीतला एक भाग बोटानं दाखवला. "पिठाची चाळण असती की, तशी ही आवाजाची चाळण. वरचे बारीक आवाज अडवती, खालचे जाऊ देती. फकस्त हिची भोकं लहान-मोठी करता येत्यात. हातानं करा, न्हायतर..."

त्यानं एक पिवळी वायर भोकात खोचली आणि दोन्ही हात वर केले. कॅसेट चालू होती. सगळी शेड त्या स्पीकरमधून गरजली, मग आपोआप मिटत गेली, मग उघडली, मग मिटली. कुणीतरी झोपेत लांब श्वास घ्यावा तशी.

"बटण तर हललंच नाही," हेमा पुटपुटली. "कोण फिरवतंय?"

"व्होल्टेज. ही वायर बारीक करंट पाठवती, कमी-जास्त, कमी-जास्त. फिल्टर तिचं ऐकतंय."

आवाज पुन्हा खाली गेला. बिरूचा डावा हात कोपऱ्यातल्या एका काळ्या बटणावर होता. हेमाचं तिकडं लक्ष नव्हतं. धडधडीतून ती बाई पुन्हा आली. बारीक, लांब, पोकळ...

"माझी अम्मा," हेमा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "माझी अम्मा त्या शेडमध्ये होती हो."

बिरूचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हाच तोंड उघडायचं होतं! पण ती रडत होती, आणि रडता रडता हसतही होती, आणि असं कुणी आपल्या दुकानात कधी हसलं नव्हतं. पठ्ठ्या मूग गिळून बसला.

मग दर गुरुवारी तीनच्या ठोक्याला शटरवर टकटक व्हायला लागली.

"आज भजी आणलीत. खा, म्हणजे हात कापायचे नाहीत."

"माझा हात कुटं कापतोय?"

"मी आले की कापतो. बघितलंय मी."

"ते व्होल्टेज असंल," बिरू म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

हेमा हसली. हसली खरी, पण घरी जाताना तिच्या लक्षात आलं की आपण आता फक्त अम्मासाठी येत नाही. या विचारानं तिला चोरी केल्यासारखं वाटलं. आणि छानही वाटलं, काय करणार!

तिसऱ्या गुरुवारी मात्र तिचं रक्त गोठलं. ती बाई नुसती गुणगुणली नाही, चाल गायली. वर जाणारी, मध्येच अडखळणारी आणि हळूच खाली येणारी. हेमाला ती चाल ओळखीची होती. कुठली ते सांगता येत नव्हतं, पण पुढचा सूर कुठं जाणार हे तिला आधीच कळत होतं. नकळत तिनं बिरूचं मनगट धरलं, आणि त्यानं सोडवून घेतलं नाही.

"बिरू, तिला माहितीये मी इथं बसलेय," ती कुजबुजली. 'अहो' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

बिरू टेबलावरच्या वायरींकडं बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता.

चौथ्या गुरुवारी हेमा आली तीच नाचत. "पुढच्या वेळी पिन्नीला आणते! तिची सख्खी बहीण. एका सुरात ओळखेल ती."

बिरू खुर्चीतून उठला. मग बसला. मग पुन्हा उठला.

"न्हाय," तो म्हणाला. "त्यांना आणू नको. हेमा, आदी माझं ऐक. मग चप्पल काढून हाण मला."

त्यानं कॅसेट बंद केली. माग थांबले. पण ती बाई... ती गातच राहिली! स्पीकरमधून, मागांशिवाय, एकटी. मग बिरूनं कोपऱ्यातलं काळं बटण हळूहळू उलटं फिरवलं. बाई विरली. पुढं फिरवलं, बाई आली. मागं, गेली.

"ह्याला रेझोनन्स म्हणत्यात. लई वाढवला की फिल्टर स्वतःच वाजाय लागतं. काय जोडलं नसलं तरी. त्यात बाई न्हाय, हेमा. पयल्या दिवशी तू विचारलंस, आन मी... मस्करी केली. तू थांबावीस म्हणून. मग तू आईचं सांगितलंस आन माझी जीभच उचलंना."

"आणि ती चाल?"

"तुझी हाय. हितं बसून तू गुणगुणतीस. तुला ठाव न्हाय. मी तेवढी व्होल्टेजवर बसवली."

हेमा दोन पावलं मागं सरली. मग म्हणाली, "मस्करी! माझी अम्मा तुला मस्करीला सापडली? बटणावर नाचवलीस तिला, आणि मी येडी इथं पदर ओला करत बसले!"

"हेमा —"

"नाव घेऊ नकोस माझं."

शटरखालून ती वाकून निघाली. भज्यांचा डबा तसाच राहिला.

पुढचे दोन गुरुवार ती दुसऱ्या बोळानं गेली. राग तर होताच, पण त्याच्या खाली जे होतं ते जास्त दुखत होतं. अम्मा दुसऱ्यांदा गेली होती. आणि ज्याला हे रडत सांगावं, तो एकच माणूस होता, आणि त्यानंच हे केलं होतं.

मग एका दुपारी कारखान्यात शर्टाच्या बाह्या जोडताना शेजारच्या मशीनवरची दिपाली म्हणाली, "हेमे, झालं बघ तुझं चालू."

"काय?"

"गुणगुणणं. रोजचंच आहे की तुझं. वर जातेस, अडखळतेस, खाली येतेस."

हेमाच्या हातातलं कापड थांबलं. म्हणजे तेवढं तरी खरं होतं. त्यानं ऐकलं होतं, तिनं स्वतः कधी ऐकलं नव्हतं तेही. रात्री जेवताना तिनं पिन्नीला ती चाल गाऊन दाखवली. "ही मी कुठं शिकले गं?"

"मला काय ठाऊक?" पिन्नीनं ताटात भात वाढला. "तू बोलायलाही लागली नव्हतीस, तेव्हापासून हेच गातेस. मी तर नाही शिकवली बाई."

हेमाचा घास हातातच राहिला. मग कुणी शिकवली? त्या प्रश्नानं तिला झोप लागू दिली नाही.

पुढच्या गुरुवारी ती जुन्याच बोळात शिरली. लांबूनच माग ऐकू आले. खटॅक-खट, खटॅक-खट. आवाज खाली गेला, धडधड राहिली, पण आज कुणी गुणगुणलं नाही. शटर सताड उघडं होतं. आत पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा स्टुलावर बसून स्पीकरवर तळहात ठेवून होता, डोळे मिटलेले. बिरू पाठमोरा. पेटीवरचं काळं बटण शून्यावर आणून त्यानं चिकटपट्टीनं गच्च बांधून टाकलं होतं.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. हेमाला बघितलं आणि आवाज न काढता, नुसते ओठ मोठे मोठे हलवून विचारलं: कुणाची तू?

मागवाल्यांची ही बोली हेमाला घरचीच होती. गोंगाटात सगळे अशीच बोलतात, ओठांनी. पिन्नी तर अजून स्वयंपाकघरातून तशीच हाक मारते. हेमानंही ओठांनीच सांगितलं: सिद्धेश्वरीची.

जोतिराम ताडकन उभे राहिले. "सात नंबर!" ते ओरडले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा ते कळत नाही. "लई छळलं मला तुझ्या आईनं, पोरी!"

बिरू वळला. हेमाला बघून त्याच्या हातातली वायर खाली पडली.

"माग सारखा थांबायचा," जोतिराम सांगू लागले. "दोन येळा सगळा खोलला. दोष सापडंना. मग ही कॅसेट भरली, तिच्या मागापाशी मशीन ठिवून. घरी आनून हाताला लावली, तरी उमगंना! शेवटी एक दिस खांबाआड हुबा ऱ्हायलो. तर खांबाला झोळी. झोळीत तू, एवढीशी. तू वळवळलीस की ती माग बंद करायची, झोका द्यायची, आन पुन्ना चालू. माग चांगला ठणठणीत हुता."

"मग तुम्ही काय केलंत?" हेमानं ओठांनी विचारलं.

"काय करनार? मालकाला म्हनलं, दुरुस्ती चालू हाय. दोन वर्सं चालूच हुती."

हेमाला हसू आलं आणि त्या हसण्यातच हुंदका आला. "गायची का ती?"

"ओठ हलायचे. पर तोंड तुझ्याकडं, पाठ माझ्याकडं. मला काय दिसनार?" म्हाताऱ्यानं तिचा हात धरून स्पीकरवर ठेवला. "हे बघ. जवळचा ठोका तिचा. लांबचे सोडून दे."

बिरूनं फिल्टर खाली आणलं. शेकडो बारीक खडखडाट गळून गेले. तळहाताखाली एक जाड ठोका उरला. धब्... धब्... धब्... आणि थांबला. मागं कुठंतरी बाकीचे माग चालू होते, पण तो एक थांबला होता. जोतिराम बोटं मोजत होते. दर वेळेसारखी दहा बोटं झाली आणि — धब्. पुन्हा सुरू.

तेवढा वेळ अम्मा तिच्याकडं बघत होती. त्यात आवाज नव्हता, फिल्टरची करामत नव्हती, काहीच नव्हतं. हेमाचा हात स्पीकरवरून निघेना.

"चहा सांगून येतो," जोतिराम म्हणाले, आणि उगाचच खाकरून बाहेर गेले. बहिऱ्या माणसालाही काही गोष्टी बरोबर कळतात.

बिरूनं पिवळी वायर खोचली आणि पेटीपासून दूर झाला. फिल्टर आपोआप उघडत गेलं. सगळी शेड दुकानात शिरली, बोललेलं ऐकू येईना असा गोंगाट झाला. त्या गोंगाटात तो हेमासमोर उभा राहिला आणि नुसत्या ओठांनी, एकेक शब्द सुटा करून म्हणाला:

मला. तू. आवडतीस. आता. खोटं. न्हाय.

पोरानं ओठांची बोली बापाकडून घेतली होती तर! हेमानं एकदा त्या चिकटपट्टी लावलेल्या बटणाकडं बघितलं, एकदा त्याच्या कापणाऱ्या हातांकडं. मग तिनंही ओठांनीच सांगितलं: सात नंबर थांबला की सांगते.

फिल्टर मिटायला लागलं. कुणी हात लावला नव्हता. खडखडाट विरला, धडधड उरली, आणि तिच्या तळहाताखालचा ठोका थांबला.

एक. दोन. हेमानं तोंड उघडलं. शब्द फुटेना. चार. पाच. एकदा फसलेला जीव, पुन्हा पाऊल टाकताना कचरतोच की... आठ. नऊ. आता माग चालू होणार आणि वेळ निघून जाणार. दहा.

माग चालू झाला नाही.

अकरा. बारा. हेमानं कॅसेटकडं बघितलं. चाकं फिरत होती. लांबचे माग वाजत होते. तळहाताखाली मात्र काहीच नव्हतं, कुणीतरी माग चालू करायच्या दांडीवर हात ठेवून वाट बघत उभं असावं तसं. बिरूचे डोळे विस्फारले होते. तोही मोजत होता. चौदा... पंधरा... तिच्या मानेवरचे केस उभे राहिले, पण भीती वाटली नाही. खरंच नाही वाटली.

"व्हय," ती म्हणाली. ओठांनी नाही, मोठ्यानं, आणि त्याच्या बोलीत.

धब्. माग सुरू झाला.

जोतिराम चहा घेऊन आले तेव्हा दोघं एकमेकांचा हात धरून पांढरेफटक उभे होते. बिरूनं लगेच कॅसेट मागं घेतली. तीच जागा लावली, मोजली. दहा. पुन्हा लावली. दहाच. तिसऱ्यांदा त्यानं वायरी उपटल्या, पेटी उघडली, टेपरेकॉर्डरचं झाकण काढलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आत वाकला.

"राहू दे की," हेमानं त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि चहाचा ग्लास दिला. "कुणी विचारलं तर सांग, दुरुस्ती चालू आहे."